दोन नकाशांची बेरीज का चालत नाही: उपग्रहांवरून समुद्री वारा आणि लाटांची एकत्रित क्षमता

प्रश्न असा आला: "समुद्रातल्या एका पट्ट्यासाठी वारा आणि लाटा यांची एकत्रित ऊर्जाक्षमता काढायची आहे. उपग्रहावरच्या स्कॅटरोमीटर रडारवरून वारा घेतला, अल्टिमीटर रडारवरून लाटांची उंची घेतली, दहा वर्षांच्या मासिक सरासऱ्या काढल्या. मग दोन्ही नकाशे ० ते १ या मापात बसवून बेरीज केली. बेरीज सर्वांत जास्त येते ती जागा उत्तम, असं म्हणता येईल का?"

नाही म्हणता येणार. पण काम वाया गेलेलं नाही. गोळा केलेली माहिती वापरायचीच आहे, पण तिच्यावरचं गणित बदलायचं आहे आणि तिला तासागणिक नोंदींची जोड द्यायची आहे.

आधी एककं बघा. वाऱ्याची शक्तिघनता वॉट प्रति चौरस मीटर अशी येते आणि तो चौरस मीटर पाती फिरतात त्या उभ्या वर्तुळातला असतो. लाटेची शक्ती किलोवॉट प्रति मीटर अशी येते आणि तो मीटर लाटेच्या माथ्याच्या लांबीवरचा असतो. एकीकडे क्षेत्रफळ, दुसरीकडे लांबी. ० ते १ मध्ये बसवलं की एककं डोळ्यांआड होतात, अडचण जात नाही. वारा ०.७ आणि लाटा ०.३ असलेली जागा, आणि वारा ०.३ व लाटा ०.७ असलेली जागा, दोन्हींची बेरीज १. तुमच्या नकाशात दोघींचा रंग एकच दिसेल. तिथे उभारायची यंत्रं मात्र पूर्ण वेगळी. शिवाय 'कमाल' कुठल्या चौकटीतली धरली यावर सगळे आकडे ठरतात. नकाशाची कड दोन अंश सरकवून पाहा, क्रमवारी बदलेल.

आता मुद्द्याचं. वारा आणि लाटा एकत्र घेण्याचे फायदे दोन. एक, समुद्राखालची केबल, नांगर, देखभालीच्या बोटी यांचा खर्च वाटला जातो. त्याबद्दल उपग्रह काही सांगत नाही. दुसरा फायदा म्हणजे वीज जास्त सलग मिळते, कारण वारा पडलेला असतानाही लाटा चालू असू शकतात. हा वेळेचा प्रश्न आहे, आणि मासिक सरासरीत वेळ पुसलीच जाते.

वारा आणि लाटा किती बरोबरीने चढतात-उतरतात याचं माप म्हणजे सहसंबंध: ० म्हणजे काही संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण बरोबरीने. त्याने किती फरक पडतो ते पाहा. दोन्ही स्रोतांचं प्रमाण विचलन, म्हणजे चढउताराचं माप, सारखं आहे असं धरा आणि दोन्हींची निम्मी-निम्मी सरासरी घ्या. सहसंबंध ० असेल तर एकत्रित चढउतार एकट्या स्रोताच्या ०.७१ पट होतो. सहसंबंध ०.३ असेल तर ०.८१ पट, ०.६ असेल तर ०.८९ पट. म्हणजे ०.६ च्या जागी एवढा खटाटोप करून चढउतार जेमतेम ११ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून माझ्याकडे असा पट्टा आला की मी पहिला नकाशा सहसंबंधाचा काढतो, शक्तीचा नंतर.

लाटा वाऱ्यापासून सुट्या होतात त्या स्वेलमुळे. दूरच्या वादळात तयार झालेल्या लांब लाटा वादळ शमल्यावरही प्रवास करत राहतात. खोल पाण्यात १२ सेकंद आवर्तनकालाच्या (एकामागून एक येणाऱ्या दोन माथ्यांमधला वेळ) लाटांची ऊर्जा सेकंदाला सुमारे ९.४ मीटर, म्हणजे दिवसाला ८०० किलोमीटरच्या वर सरकते. अडीच हजार किलोमीटरवरचं वादळ तीन दिवसांनी तुमच्या दारात येतं, तोवर तिथला स्थानिक वारा कदाचित झोपलेलाही असेल. १९६३ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण महासागरात उठलेली स्वेल पॅसिफिक ओलांडून अलास्कापर्यंत मोजत नेली होती. त्यामुळे उघड्या महासागराकडे तोंड असलेले पश्चिम किनारे, पोर्तुगाल, पश्चिम आयर्लंड, कॅलिफोर्निया, एकत्रित प्रकल्पासाठी बरे पडतात. बाल्टिकसारख्या कोंडलेल्या समुद्रात लाट वाऱ्याबरोबर उठते आणि काही तासांनी त्याच्यामागोमाग बसते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासाठी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीज शून्यावर येण्याचे तास मोजले होते. फक्त वाऱ्यावर वर्षाला हजाराच्या वर, फक्त लाटांवर दोनशेच्या वर, दोन्ही एकत्र केल्यावर शंभराच्या आत. 'क्षमता' म्हणून मी अशा आकड्याला किंमत देतो.

मग उपग्रह कशाला? कारण कुठे किती, हे त्याच्याइतकं नीट दुसरं कोणी सांगत नाही. केव्हा, हे मात्र तो अर्धवट सांगतो. मी उपग्रहाला साक्षीदार मानतो, घड्याळ मानत नाही. साक्षीदाराने काय पाहिलं आणि काय पाहिलेलं नाही, ते आधी समजून घ्यावं लागतं.

स्कॅटरोमीटर तिरप्या कोनातून रडार लहरी सोडतो. वाऱ्याने पाण्यावर उठलेल्या काही सेंटिमीटरच्या तरंगांवरून त्या परततात, आणि जितका वारा जास्त तितका प्रतिसाद मोठा. दिशाही मिळते. क्विकस्कॅट हा स्कॅटरोमीटर-उपग्रह १९९९ ते २००९ चालला. मेटऑप उपग्रहांवरचा अ‍ॅस्कॅट २००६ पासून चालू आहे. इथे एक जुना सापळा आहे. हे उपग्रह एखाद्या जागेवरून रोज त्याच स्थानिक वेळी जातात, अ‍ॅस्कॅट सकाळी साडेनऊ आणि रात्री साडेनऊच्या आसपास. दुपारी जोर धरणारा समुद्रवारा त्याच्या नजरेत येतच नाही. क्विकस्कॅट सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास जायचा, ओशनसॅट-२ दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास. दैनंदिन चढउतार हवा असेल तर वेगवेगळ्या वेळांचे उपग्रह एकत्र करावे लागतात. त्यांच्यातली एकमेकांविरुद्धची तफावत आधी काढायला विसरू नका. नाहीतर जो 'दैनंदिन चढउतार' दिसेल तो दोन उपकरणांमधला फरक असेल.

अल्टिमीटरची गोष्ट वेगळी. तो सरळ खाली बघतो. लाटांच्या माथ्यांवरून प्रतिध्वनी आधी येतो, खळग्यांतून उशिरा. म्हणून परतलेल्या संकेताची चढती बाजू जितकी पसरट, तितकी लक्षणीय लाट-उंची (सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी) जास्त. हे मोजमाप भक्कम आहे. उघड्या समुद्रात बोयांशी, म्हणजे तरंगत्या मोजणी-यंत्रांशी, तुलना केली तर फरक साधारण पाव मीटरच्या घरात असतो. वाऱ्याचा वेग त्याच प्रतिध्वनीच्या ताकदीवरून काढतात. पाणी खडबडीत झालं की सरळ वर परतणारी ताकद घटते. दिशा मिळत नाही. आणि लाटांचा आवर्तनकालही थेट मिळत नाही, तिथेच घोडं पेंड खातं.

खोल पाण्यातल्या लाटेची शक्ती, किलोवॉट प्रति मीटरमध्ये, ०.४९ × (लक्षणीय उंची)² × ऊर्जा आवर्तनकाल. उंची मीटरमध्ये, काल सेकंदांत; ऊर्जा आवर्तनकाल म्हणजे लाटांच्या ऊर्जेच्या हिशोबाने काढलेला सरासरी आवर्तनकाल. आता दोन दिवस समोर ठेवा, दोन्ही दिवशी उंची २ मीटर. पहिल्या दिवशी वारा सेकंदाला ४ मीटर आणि दुरून आलेली १२ सेकंदांची स्वेल. शक्ती २३.५ किलोवॉट प्रति मीटर. दुसऱ्या दिवशी वारा १० मीटर आणि त्यानेच उठवलेली साडेसहा सेकंदांची आखूड लाट. शक्ती १२.७. उंची तीच, शक्ती जवळपास निम्मी. आणि पहिल्या दिवशी पवनचक्की जेमतेम हलत असते, म्हणजे लाटयंत्राची खरी गरज त्याच दिवशी. तुमच्या उंचीच्या नकाशात हे दोन दिवस सारखेच दिसतात.

यावर उतारा म्हणून उंची आणि प्रतिध्वनीची ताकद यांवरून आवर्तनकाल काढणारी अनुभवजन्य सूत्रं आहेत. वाऱ्याच्या ताज्या लाटांसाठी ती चालतात; स्वेलसाठी कच्ची पडतात. पण त्याहून मोठी अडचण अशी की जेसन या उपग्रह-मालिकेतल्या अल्टिमीटरांचा वाऱ्याचा वेग काढतानाही प्रतिध्वनीच्या ताकदीबरोबर लाटेची उंची वापरतात. म्हणजे वारा काढला ताकद आणि उंचीवरून, आवर्तनकाल काढला ताकद आणि उंचीवरून, लाटेची शक्ती काढली उंची आणि त्या आवर्तनकालावरून. मग या वाऱ्याचा आणि या शक्तीचा सहसंबंध काढला तर काय मिळणार? काही अंशी त्याच दोन आकड्यांचा स्वतःशी सहसंबंध. मी स्वतः एकदा यात फसलो आहे. एका पट्ट्यावर ०.७ च्या वर सहसंबंध आला, आणि इथे लाटा जोडून उपयोग नाही असं मी लिहूनही टाकलं. नंतर शेजारच्या बोयाची तासागणिक नोंद हाती आली. तिच्यातला सहसंबंध माझ्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास होता. समुद्रात भरपूर स्वेल होती. माझ्या सूत्राने ती वाऱ्याच्या खात्यात टाकली होती. तेव्हापासून नियम केला: उंची अल्टिमीटरची, वारा दुसऱ्या उपकरणाचा, आवर्तनकाल तिसरीकडून.

तिसरीकडून म्हणजे कुठून? कृत्रिम छिद्र रडार, ज्याला सगळे एसएआर म्हणतात, ते लांब स्वेलचा वर्णपट देतं, म्हणजे कुठल्या लांबीच्या, कुठल्या दिशेच्या लाटेत किती ऊर्जा आहे ते. सेंटिनेल-१ उपग्रह महासागरावर वीस किलोमीटरच्या छोट्या चौकटी टिपत जातात ते त्यासाठीच. उड्डाणाच्या दिशेने चाललेल्या आखूड लाटा मात्र त्यात पुसट होतात. २०१८ मध्ये सोडलेल्या चीन-फ्रान्सच्या सीफोसॅटवर स्विम नावाचं उपकरण खास लाटांच्या वर्णपटासाठी आहे. त्याच उपग्रहावर स्कॅटरोमीटरही आहे, म्हणजे वारा आणि लाटांचा वर्णपट एकाच वेळी, दोन वेगळ्या उपकरणांतून. आपल्या कामाला याहून योग्य जोडी नाही, फक्त नोंदींची वर्षं अजून थोडी आहेत. आणि तिसरा मार्ग म्हणजे लाटांचं संगणकी प्रारूप. त्याकडे वळण्याआधी सरासरीबद्दल बोलू.

वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनानुसार बदलते, आणि सरासरी वाऱ्याचा घन व घनांची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेकंदाला ७ मीटर सरासरी वारा घेऊन सरळ घन केला तर साधारण २१० वॉट प्रति चौरस मीटर येतात. वाऱ्याच्या वेगांचं वितरण रॅले प्रकारचं (वाऱ्यासाठी नेहमी वापरला जाणारा सांख्यिकी नमुना) असेल तर खरा आकडा त्याच्या १.९१ पट, म्हणजे ४०० च्या आसपास. मासिक सरासऱ्यांवरून काम केल्यामुळे तुमचा वाऱ्याचा नकाशा निम्म्यावर आलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि तीही सगळीकडे सारख्या प्रमाणात नाही. जिथे वारा एकसुरी वाहतो तिथे चूक कमी, जिथे झटके येतात तिथे जास्त. आधी प्रत्येक नोंदीची शक्ती काढा, मग सरासरी.

लाटांच्या बाबतीत याच चुकीचं दुसरं टोक आहे. ८ मीटर उंचीच्या, १४ सेकंदांच्या वादळी समुद्राची शक्ती सुमारे ४४० किलोवॉट प्रति मीटर. २ मीटर आणि ८ सेकंदांच्या नेहमीच्या दिवशी ती १६ च्या आत. वादळाचा एक दिवस नेहमीच्या अठ्ठावीस दिवसांच्या तोलाचा. जेसन-३ च्या मूळ कक्षेतला उपग्रह त्याच वाटेवर दहा दिवसांनी येतो आणि त्याच्या शेजारशेजारच्या दोन वाटांमध्ये विषुववृत्तावर ३१५ किलोमीटरचं अंतर असतं. वादळाचा तो दिवस त्याला सापडला तर त्या महिन्याची सरासरी आकाशाला भिडते, निसटला तर जमिनीवर राहते. म्हणून एका उपग्रहाच्या एका वाटेवरून महिन्याचं काही बोलू नये. १९८५ नंतरच्या अनेक अल्टिमीटरांच्या नोंदी बोयांशी ताडून एकत्र केलेले संच मोफत मिळतात, तेच घ्या. दोन अंशांच्या चौकटीत सगळ्या उपग्रहांच्या फेऱ्या मोजा. चौकटीत महिन्याला किती स्वतंत्र फेऱ्या आहेत हा आकडा नकाशासोबत छापा. तो छापायची लाज वाटावी इतका लहान असेल, तर नकाशाच छापू नका.

ते वादळी ४४० किलोवॉट कुणाच्या हाती लागत नाहीत, हेही लक्षात घ्या. लाटयंत्र तेव्हा स्वतःला वाचवण्याच्या पवित्र्यात असतं. पवनचक्कीही वारा सेकंदाला ११ ते १३ मीटरच्या पुढे गेला की जास्त वीज देत नाही आणि २५ च्या आसपास बंद होते. म्हणून निव्वळ भौतिक शक्तीचे नकाशे चाळणीपुरते ठेवा. तुलना करायची ती पवनचक्कीच्या शक्तिवक्रातून (कुठल्या वाऱ्याला किती वीज) आणि लाटयंत्राच्या उंची-आवर्तनकाल तक्त्यातून काढलेल्या विजेची. एककांचा प्रश्नही तिथेच सुटतो, कारण दोन्ही बाजूंना किलोवॉट येतात.

किनाऱ्याजवळ काय होतं ते थोडक्यात. अल्टिमीटरच्या खालच्या ठशात, म्हणजे त्याला एका वेळी दिसणाऱ्या भागात, जमीन आली की उंची बिघडते. नेहमीच्या प्रक्रियेत किनाऱ्यापासून दहा-वीस किलोमीटरपर्यंतच्या नोंदींवर विश्वास ठेवू नये. संकेताचं फेरविश्लेषण केलेले किनारी संच याहून बरेच आत नेतात. स्कॅटरोमीटरची अडचणही तीच, त्याचा चौकोनच १२ ते २५ किलोमीटरचा. इथे सेंटिनेल-१ चा एक किलोमीटर विभेदनाचा वारा कामी येतो. भूशिरामागची वाऱ्याची सावली, खिंडीतून सुटलेला झोत, पवनचक्क्यांच्या ताफ्यामागे दहा-दहा किलोमीटर लांबलेला मंद पट्टा, सगळं त्यात दिसतं. मात्र त्या चित्रात चक्क्या आणि जहाजंही चमकतात, ती आधी झाकावी लागतात. आणि वर दिलेलं लाटेचं सूत्र खोल पाण्याचं आहे. १० सेकंदांच्या लाटेची लांबी १५६ मीटर, म्हणजे ७८ मीटरपेक्षा कमी खोलीत तिला तळ जाणवू लागतो. तळावर पाय रोवलेल्या पवनचक्क्या साधारण ६० मीटर खोलीपर्यंतच उभ्या करतात. तेव्हा त्यांच्या शेजारी लाटयंत्र लावायचं म्हटलं की हे सूत्र सोडून स्वानसारखं किनारी प्रारूप चालवावं लागतं.

वारा किती उंचीवरचा, याबद्दल एकच आकडा देतो, तो पुरेसा बोलका आहे. उपग्रहाचा वारा १० मीटर उंचीचा असतो, तोही 'समतुल्य तटस्थ' वारा, म्हणजे हवा स्थिर वा अस्थिर नाही असं मानून काढलेला. तो पवनचक्कीच्या उंचीला, १०० मीटरवर न्यायचा; त्यासाठी उंचीच्या पटीला एक घातांक लावून वेग वाढवतात. ७ मीटर वेगाला घातांक ०.११ लावला तर ९ मीटर येतो, एक-सप्तमांश लावला तर ९.७. शक्तीत फरक २५ टक्के! संपूर्ण पट्ट्याला एकच घातांक लावू नका. हवा आणि पाणी यांच्या तापमानातला फरक घेऊन ऋतूनुसार दुरुस्ती करा. थंड पाण्यावर गरम हवा आली की वर वारा जोरात आणि खाली पाणी आरशासारखं, आणि उपग्रह तर फक्त पाणीच पाहतो.

आता घड्याळ. तासागणिक मालिका पुनर्विश्लेषणातून घ्या, म्हणजे जुनी निरीक्षणं हवामानाच्या प्रारूपात घालून उभारलेल्या सलग नोंदींतून. ईआरए-५ या अशा संचात १९४० पासून दर तासाचा वारा आणि लाटा आहेत, वारा साधारण ३१ किलोमीटरच्या जाळीवर, लाटा त्याहून जाडसर जाळीवर. त्यातला 'सरासरी लाट आवर्तनकाल' हाच आपल्या सूत्रातला ऊर्जा आवर्तनकाल आहे. दुसऱ्या संचांत आणि बोयांच्या नोंदींत बहुधा शिखर आवर्तनकाल, म्हणजे सर्वांत जास्त ऊर्जा असलेल्या लाटांचा काल, असतो. तो तसाच घातला तर शक्ती दहा-अकरा टक्क्यांनी फुगते, साधारण ०.९ ने गुणावा लागतो. ही चूक छापील शोधनिबंधांतही दिसते.

या मालिकेला उपग्रहाच्या साक्षीने दुरुस्त करा. उपग्रह ज्या क्षणी गेला त्या क्षणाची मालिकेतली नोंद काढा, जोड्या लावा, आणि नुसत्या सरासरीऐवजी वितरणाच्या प्रत्येक टप्प्यावर तफावत काढा. पुनर्विश्लेषणं जोरदार वारा बहुधा कमी दाखवतात आणि वाऱ्यात ५ टक्के चूक म्हणजे शक्तीत १६ टक्के. पण साक्षीदार फितूर तर नाही ना, हे तपासा. ईआरए-५ तयार करतानाच अनेक स्कॅटरोमीटर आणि अल्टिमीटर त्यात मिसळलेले आहेत. त्याच उपग्रहांशी ताडून 'छान जुळतं' म्हणणं म्हणजे विद्यार्थ्यालाच स्वतःचा पेपर तपासायला देणं. न मिसळलेला उपग्रह किंवा बोया शोधा. उपग्रह, प्रारूप आणि बोया अशी तीन स्वतंत्र मोजमापं असतील तर तिहेरी जुळणीने प्रत्येकाची चूक वेगळी काढता येते, कोणालाही 'खरं' न मानता.

पोर्तुगालच्या किनाऱ्याबाहेर अगुसादौरा इथे २००८ मध्ये प्रत्येकी ७५० किलोवॉटची तीन पेलामिस लाटयंत्रं बसवली आणि काही महिन्यांतच काढून आणली. २०११ मध्ये त्याच जागी विंडफ्लोट ही २ मेगावॉटची तरंगती पवनचक्की उभी राहिली. दोन्ही स्रोतांना तीच जागा पसंत पडली, पण दोन्ही यंत्रं तिथे एकत्र कधी चालली नाहीत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर उपग्रहांचा नवा डेटा आणायची घाई नको. पट्ट्यातले पाच बिंदू निवडा, दोन किनाऱ्याजवळचे, तीन बाहेरचे. ईआरए-५ मधून दहा वर्षांची तासागणिक मालिका घ्या. दोन्ही यंत्रांची वीज काढा. सहसंबंध आधी एकाच तासाचा काढा, मग लाटा मागे-पुढे सरकवून ७२ तासांपर्यंतचा, आणि प्रत्येक ऋतूचा वेगळा. वर्षाचा एकच आकडा फसवा असतो, वाऱ्याच्या हंगामात ०.८ आणि उरलेल्या महिन्यांत ०.१ असं सहज निघतं. मग दोन्ही स्रोत शून्यावर असलेले तास मोजा, फक्त वाऱ्याच्या शून्य तासांशी ताडा. पाचही बिंदूंवर फरक नगण्य आला, तर लाटांचा विषय तिथेच मिटवा आणि फक्त वाऱ्याचा नकाशा नीट करा. एखाद्या बिंदूवर शून्य तास निम्म्यावर आले, तर मग त्या बिंदूभोवती उपग्रहांच्या सगळ्या फेऱ्या काढायला बसा.